सोडायचं म्हटलं तर किती परत? पहिल्या पगारावरच्या हप्त्यांचं परीक्षण

नागपुरात मिहानमध्ये, हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला पोराला नोकरी लागली, की पहिला पगार खात्यात पडायच्या आधीच त्यावर दावेदार उभे असतात. खोलीवाला, मेसवाला, जिमवाला, शोरूममधला फायनान्सवाला आणि या सगळ्यांत गोड बोलणारा, विम्याची फाईल काखेत मारून घरी येणारा नात्यातला काका. सल्ले देणारे तर पानटपरीगणिक भेटतात. पण पंचविशीतल्या पोराचं गणित सल्ल्यांनी फारसं बिघडत नाही, ते बिघडतं त्याने सही केलेल्या हप्त्यांनी. म्हणून इथे तपासायला घेतल्या आहेत त्या या महिनेवारी सेवा. कसोटी एकच: उद्या सोडायचं ठरवलं तर किती दिवसांत सुटका होते आणि किती पैसे परत येतात. या वयात नोकरी बदलते, गाव बदलतं, कधी पगारच दोन महिने लांबतो. त्यामुळे वस्तू किती चांगली हा प्रश्न दुसरा. हातात महिन्याला पंचवीस हजार पडतात असं धरून चालू.

मेस

या यादीतली सगळ्यात प्रामाणिक सेवा म्हणजे गल्लीतली मेस. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नंदनवन, हिंगणा रोड, कुठेही जा, दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला साधारण तीन हजारांच्या आसपास पडतात. महिनाभराचे पैसे आधी द्यावे लागतात, म्हणजे बुडाले तर जास्तीत जास्त एक महिना बुडतो. खरा प्रश्न विचारायचा तो खाड्याचा. खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करतात का, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगावं लागतं आणि सलग किती दिवसांचा असला तर धरतात? बहुतेक ठिकाणी सलग तीन दिवसांच्या आतला खाडा धरत नाहीत. शनिवार-रविवार वर्धा, यवतमाळ किंवा भंडाऱ्याला घरी जाणाऱ्या पोराचा नेमका तिथेच तोटा होतो, कारण त्याचा खाडा दर आठवड्याला दोनच दिवसांचा असतो. अशा पोराने महिन्याच्या हिशोबाची मेस घेऊच नये. साठ ताटांचं कार्ड देणारी मेस शोधावी, ताट उचललं की खूण होते. फक्त कार्डाची मुदत तीस दिवसांची आहे की पंचेचाळीस, ते आधी पाहावं. तीस असेल तर कार्ड फक्त नावाला.

मेस पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. त्या दिवशी सगळीकडे पुरी, मसालेभात आणि काहीतरी गोड असतं, आणि संध्याकाळी सुट्टी. गुरुवारी रात्री नऊनंतर सुट्टं ताट घेऊन बसावं. त्या वेळी वरणात किती पाणी वाढलं आहे ते दिसतं, पोळ्या तव्यावरून येतात की दुपारच्या डब्यातून ते कळतं, भात सकाळचाच गरम केलाय का ते वासावरून ओळखता येतं. तर्री जास्त म्हणजे चव जास्त, हा नागपुरी समज मेसवाल्यांच्या फायद्याचा आहे. शिळ्या रश्श्याचा वास तिखट-तेलाखाली झाकला जातो. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, तेही पाहून घ्यावं.

डबा नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहाला भरलेलं वरण-भात दुपारी दोनला आंबूस लागतं, त्यात मेसवालीचा दोष नसतो. गरम वरण झाकणबंद डब्यात हळूहळू कोमट होत जातं, बाहेर ४४ अंश असताना त्याला थंड व्हायला जागाच नसते, आणि कोमट ओलसर अन्नात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात. उन्हाळ्यात डब्यात पोळी, कोरडी भाजी, चटणी एवढंच सांगावं आणि वरण-भात रात्री मेसमध्ये बसून खावा. बहुतेक मेसवाल्या काकू हा बदल खुशीने करून देतात, त्यांचा डबा सांडत नाही.

शाकाहारी मेसच्या दोन ताटांतून दिवसाला साधारण चाळीस ते पन्नास ग्रॅम प्रथिनं मिळतात, वरण दाट असेल तर पन्नासच्या बाजूला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम पुरतात. म्हणजे मेसचं जेवण अगदीच काही कमी पडत नाही, आणि हे लक्षात ठेवूनच जिममध्ये पाऊल टाकावं.

जिम

जिममध्ये महिन्याचा दर मुद्दाम चढा ठेवतात, म्हणजे वर्षाचं पॅकेज स्वस्त वाटतं. पहिल्या महिन्यात येणारे दिवाळीपर्यंत येत राहिले असते, तर त्या हॉलमध्ये उभं राहायलाही जागा उरली नसती. वर्षाचे पैसे भरून न येणाऱ्यांवरच हा धंदा चालतो. एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने महागडा मासिक दर भरावा आणि टिकलात तर मग वर्षाचं घ्यावं. पॅकेज घेतलंच तर ‘फ्रीज’, म्हणजे मधे पॅकेज थांबवून ठेवणं, किती दिवसांचं मिळतं आणि बदली झाल्यास ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी कबूल करणारा ट्रेनर तीन महिन्यांत दुसऱ्या जिमला गेलेला असतो.

तो जाण्याआधी प्रोटीनचा डबा मात्र विकून जातो. वजन उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या पोराला अंदाजे ८० ते १०० ग्रॅम. मेसमधून पंचेचाळीसएक मिळाले तर उरलेले असे भरतात: दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, पन्नास ग्रॅम फुटाणे १० ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या २६ ग्रॅम. वड्यांना गॅस लागत नाही. केटलच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायच्या, पिळायच्या, मीठ-तिखट लावून मेसच्या भाजीत टाकायच्या. पावडर वाईट नसते, पण किराण्यात मिळणाऱ्या गोष्टी संपल्यावर तिचा नंबर लागावा.

खोली, आणि तिच्यासोबत कूलर

भाडं किती ते सगळेच विचारतात. डिपॉझिट कसं परत मिळणार ते थोडे विचारतात, आणि करार नोंदवलेला आहे का हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा. हे कलम तोंडपाठ असलेल्या पोराशी मालक जरा वेगळं बोलतात. करारात तीन ओळी शोधाव्यात: लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची आणि रंगरंगोटीचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. अकरा महिन्यांच्या करारात अकरा महिन्यांचा लॉक-इन असेल तर नोकरी बदलली तरी भाडं सुटत नाही. तो तीन महिन्यांवर आणून ठेवावा.

खोलीत शिरायच्या दिवशी मीटरचा, भिंतींच्या ओलीचा, नळांचा आणि फुटक्या फरशांचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून द्यावा. पुढे डिपॉझिटचा वाद झाला तर तारखेसकटचा पुरावा हाताशी असतो. वेगळं मीटर नसून सब-मीटर असेल तर युनिटचा दर आधी ठरवावा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. पण मालक प्रत्येक युनिटला वरच्या टप्प्याचा दर लावून मोकळा होतो.

वरच्या मजल्यावरची खोली पाहायची तर दुपारी चार वाजता. सकाळी सगळ्याच खोल्या गार असतात. स्लॅबखाली उभं राहून वर हात करावा, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावावा. भिंत तापलेली असेल तर ती रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता ओतत राहणार. त्या खोलीला कूलर बसेल अशी खिडकी आहे का, आणि समोर हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार आहे का? दुसरी वाट नसेल तर कूलर खोलीत नुसता दमटपणा भरतो आणि पहाटे अंथरूण चिकट लागतं. पाणी किती वाजता येतं आणि टाकी कितीची, हेही कूलरसाठीच विचारायचं. रात्रभर चाललेला कूलर दोन-चार बादल्या पाणी सहज पितो.

कूलर विकत घेऊ नये, सीझनपुरता भाड्याने घ्यावा. आमच्या कसोटीला पूर्ण उतरणारी ही एकच वस्तू. होळीला येतो, पावसाची पहिली सर पडून हवा दमट झाली की परत जातो, आणि आठ महिने खोलीचा कोपरा अडवत नाही. भाडं ठरवताना बोलून घ्यायचं ते एवढंच: मधे मोटर किंवा पंप गेला तर कोण बदलणार, आणि गवत नवीन आहे की मागच्या वर्षीचं. जुन्या गवतावर क्षारांचा पांढरा थर असतो, त्यातून पाणी सरळ खाली ओघळतं आणि हवा कोरडीच येते. आणि हे वाचून सोडून देऊ नका: लोखंडी बॉडीच्या कूलरने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. पाण्यात बुडालेल्या पंपाच्या वायरचं आवरण फाटतं, करंट पाण्यातून पत्र्यात उतरतो, बोर्डाला अर्थिंग नसतं आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस पाणी भरायला पत्र्याला हात लावतो. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद न करता प्लगच बाहेर. खोलीत अर्थिंग नसेल तर भाडं कितीही कमी असो, ती खोली नको.

गाडी

गाडी लागतेच असं सगळे म्हणतात. खापरीजवळ नोकरी आणि वर्धा रोडवर खोली, किंवा लोकमान्यनगरच्या बाजूला एमआयडीसी आणि मेट्रोच्या रांगेत खोली, असं असेल तर पहिलं वर्ष मेट्रोवर निघतं. दोन्ही मार्ग सीताबर्डीला मिळतात. मेट्रो सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

गाडी घ्यायचीच तर शोरूममधल्या टेबलावर बोलला जाणारा व्याजदर ‘फ्लॅट’ आहे का ते विचारावं. एक लाख रुपये, दहा टक्के फ्लॅट, तीन वर्षं: व्याज ३०,०००, हप्ता ३,६११. ऐकायला दहा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं असतं, म्हणून खरा दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी तो कागद मागावा, आणि त्यातच मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती दंड तेही पाहावं. विमा शोरूममधूनच घ्यावा असा कुठलाही नियम नाही. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मात्र लागतोच. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्यावा. हे राहून गेलं की चार वर्षांनी गाडी विकताना आठवतं, आणि तोवर एनओसीची मुदत संपलेली असते.

नोकरीची हमी देणारा कोर्स

हा प्रकार गेल्या काही वर्षांत वाढला. फी लाखाच्या घरात, ‘एकदम भरायची गरज नाही, बिनव्याजी हप्ते आहेत’. सही होते ती मात्र फीच्या नव्हे तर तिसऱ्याच एका वित्तकंपनीच्या कर्जाच्या कागदावर. त्या कंपनीने पूर्ण फी क्लासला आधीच दिलेली असते. क्लास बंद पडला, शिकवणारे बदलले, नोकरी लागली नाही, तरी हप्ता सुरूच, चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब. ‘हमी’ या शब्दामागे काय अटी आहेत ते कागदावर वाचावं. ‘मुलाखतीची संधी’ लिहिलेलं असेल तर ती नोकरीची हमी नव्हे. महिन्याला महिन्याची फी घेणारा क्लास साधा असला तरी या कसोटीवर वर राहतो.

काकांची पॉलिसी

यादीतली सर्वांत कमी गुणांची वस्तू, आणि नाकारायला सर्वांत अवघड, कारण विकणारा माणूस लग्नकार्यात भेटणार असतो. ‘बेटा, बचत बी होते आणि विमा बी होते, अन् पैसे डबल.’ आकडे असे मांडतात: वर्षाला ३०,००० रुपये, वीस वर्षं, शेवटी अकरा लाख. सहा लाखांचे अकरा लाख ऐकून आई खूष. पण वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने भरलेल्या पैशांवर हा परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. तेवढेच पैसे दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले आणि आताचा ७.१ टक्के दर टिकला, तर वीस वर्षांनी साधारण तेरा लाख होतात. पीपीएफ पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येतं. त्याचंही दार अरुंदच आहे, सातव्या आर्थिक वर्षापासूनच थोडे पैसे काढता येतात. पण वर्षाला पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. नोकरी गेलेल्या वर्षी हा फरक फार मोठा असतो.

पॉलिसी मधे सोडली तर? दोन वर्षांचे साठ हजार भरून सरेंडर केली तर हमीची किमान रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या तीस टक्के, म्हणजे अठरा हजार. तिसऱ्या वर्षी पस्तीस टक्के, चौथ्यापासून सातव्यापर्यंत पन्नास. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी पहिल्या वर्षानंतरही काहीतरी परत देणं भाग पडलं आहे, पूर्वीपेक्षा बरं एवढंच. जुनी पॉलिसी गळ्यात असेल तर सरेंडर हा एकच रस्ता नाही. ‘पेड-अप’ करून पुढचे हप्ते थांबवता येतात, विमारक्कम कमी होते आणि जे ठरेल ते मुदतीनंतर मिळतं.

पूर्ण सुटका एकाच वेळी मिळते. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांचा ‘फ्री लूक’ काळ असतो. त्या मुदतीत लेखी अर्ज केला की कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकी परत देते. म्हणून कागद स्वतःच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर यायला हवेत. काका म्हणतील, ‘राहू दे, मीच घेऊन येतो.’ ते आणून देतात तेव्हा महिना उलटलेला असतो.

आयुष्याचा विमा कुणाला हवा हा वेगळा प्रश्न. चोवीस वर्षांच्या, एकट्या, कुणीच अवलंबून नसलेल्या पोराला लगेच लागत नाही. वडिलांना जामीन ठेवून शिक्षणाचं कर्ज घेतलं असेल किंवा घर त्याच्या पगारावर चालत असेल, तर साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचतीशिवायचा नुसता विमा घ्यावा, वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. हप्ता बंद केला की संरक्षण संपतं, अडकलेलं काही राहत नाही. अर्जात तंबाखूचा रकाना असतो, आणि नागपुरात तो महत्त्वाचा. खर्रा म्हणजे तंबाखूच. ‘सिगारेट ओढत नाही’ म्हणून ‘नाही’वर खूण केली आणि तीन वर्षांच्या आत काही झालं, तर विमा कायद्याच्या कलम ४५ चा आधार घेऊन कंपनी दावा अडवू शकते. खरं लिहिलं की हप्ता वाढतो. तो वाढू द्यावा.

आरोग्यविमा मात्र लवकर घ्यावा, कंपनीने दिलेला असला तरी. कंपनीचा विमा राजीनाम्यासोबत संपतो, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ तब्येत ठणठणीत असताना सुरू झालेलं बरं. रूमभाड्यावर मर्यादा नाही ना, तेवढं पाहावं. मर्यादा असेल आणि वरची खोली घेतली तर नुसतं खोलीचं भाडंच नाही, डॉक्टरांच्या फीसारखं खोलीशी जोडलेलं बिलही त्या प्रमाणात कापतात.

क्रेडिट कार्ड

पूर्ण बिल दर महिन्याला भरणाऱ्याला खरेदीवर व्याज पडत नाही. ‘किमान देय’ भरणाऱ्याला महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ही गोष्ट कार्ड विकणारा कधीच सांगत नाही. एटीएममधून कार्डावर पैसे काढले तर व्याज त्याच दिवसापासून.

सुटण्याच्या कसोटीवर मात्र कार्ड पॉलिसीच्या खूप पुढे आहे. थकबाकी शून्य असेल तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामाच्या दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला पाचशे रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विनंती ईमेलवर करावी, फोनवर नको. फोनवर ‘वर्षाची फी माफ करतो’ म्हणत पोराला पुन्हा बसवतात. बंद करण्याआधी त्या कार्डावरून आपोआप जाणारे पैसे, म्हणजे मोबाईलचं बिल आणि ओटीटी, दुसरीकडे वळवावेत, नाहीतर शंभर-दोनशे रुपयांची बाकी निघते आणि विनंती लटकते. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट उघडून ते खातं ‘बंद’ दिसतं का ते पाहावं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.